मुलांच्या ताब्याबाबत वडिलांना सल्ला देणारे सांगलीतील एक वकील कार्यालय : सव्वा वर्षाचा अनुभव

सांगलीत विजयनगरला, जिल्हा न्यायालयापासून चालत पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचे हे कार्यालय आहे. एक ज्येष्ठ महिला वकील आणि त्यांचे दोन कनिष्ठ सहकारी तेथे मुख्यतः कौटुंबिक दावे चालवतात, आणि घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या वडिलांना मुलांच्या ताब्याविषयी वेगळी वेळ देऊन सल्ला देतात. कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही. वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करू नये, असा भारतीय वकील परिषदेच्या नियमावलीतील छत्तिसावा नियम आहे; मी अनुभव लिहिणार असल्याचे सांगितले तेव्हा मॅडमनी तो नियम दाखवून नाव वगळण्याची विनंती केली आणि मला ती रास्त वाटली. तरीही लिहावेसे वाटले, कारण कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत बसलेले माझ्यासारखे अनेक बाप या काळात भेटले आणि त्यांतील बहुतेकांना मिळालेला सल्ला त्यांच्या मुलांपासून त्यांना आणखी दूर नेणारा होता. माझेही आधी तसेच झाले होते.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. २०२३ च्या दिवाळीनंतर पत्नी मुलीला घेऊन कराडला माहेरी गेली आणि पुन्हा नांदायला आली नाही. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आम्हा दोघांत काय बिघडले ते येथे मांडण्याचे कारण नाही; ते आमच्यापुरते आहे, आणि ही मुलगी मोठी होऊन कधी तरी हे वाचू शकते, याचे भान मला आहे.

पहिले काही महिने मी दोन ठिकाणी सल्ला घेतला. त्यांपैकी एक, पुरुषांच्या हक्कांसाठी म्हणून फोनवर सल्ला देणारी मोठ्या शहरातील सेवा होती. अर्ध्या तासाचे साडेतीन हजार रुपये आगाऊ घेऊन तेथील गृहस्थांनी मला तीन गोष्टी सांगितल्या : पैसे पाठवणे बंद करा म्हणजे समोरचे लोक बोलणी करायला येतील; शाळा सुटायच्या वेळी जाऊन मुलीला घेऊन या, कारण बाप नैसर्गिक पालक असल्याने ती चोरी होत नाही; आणि त्यांनी एक केस केली तर तुम्ही चार करा. मुलीला काय वाटेल, हा प्रश्न त्या अर्ध्या तासात एकदाही निघाला नाही. मी मुलीला उचलून आणले नाही, पण दोन महिने पैसे मात्र पाठवले नाहीत, आणि त्या दोन महिन्यांचा बँकेचा उतारा पुढे माझ्याविरुद्ध दाखल झाला.

दुसरा सल्ला एका वकिलांचा होता. त्यांनी पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली मुलीच्या ताब्याचा अर्ज सांगलीत दाखल केला. या कायद्याच्या नवव्या कलमानुसार, अल्पवयीन मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयाला असा अर्ज चालवण्याचा अधिकार असतो. मुलगी कराडला राहत होती आणि तेथील बालवाडीत जात होती. म्हणजे अधिकार सातारा जिल्ह्यातील न्यायालयाचा होता. समोरून हरकत आली, तारखा पडत गेल्या आणि सात महिन्यांनी अर्ज परत झाला. लहान मुलाच्या आयुष्यात सात महिने किती असतात, ते मला त्यानंतर कराडच्या बसस्थानकावर कळले. मुलगी माझ्याकडे येण्याआधी तिने आजोबांचे बोट घट्ट धरले आणि त्यांच्याकडे पाहून विचारून घेतले.

या पार्श्वभूमीवर २०२४ च्या नोव्हेंबरात मी विजयनगरच्या या कार्यालयात गेलो. पहिल्या भेटीचे एक हजार रुपये घेतात आणि त्याची पावती देतात. भेट तासाभराची असते आणि ती खरोखरच तासभर चालते, हे आवर्जून सांगतो. आधीच्या ठिकाणी बोलताना वकिलांचा फोन सतत वाजत असे. महिला वकिलाकडे बापाची बाजू कशी मांडली जाईल, अशी शंका मनात होती, आणि ती मी बोलूनही दाखवली. त्यावर मॅडम काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी समोर एक कोरा फुलस्केप कागद ठेवला आणि म्हणाल्या, “तुमच्या मुलीचा एक मंगळवार लिहा. इथं असतानाचा. सकाळी उठते तेव्हापासून रात्री झोपेपर्यंत, आणि प्रत्येक कामापुढं ते कोण करतं, ते लिहा.”

बाहेरच्या बाकावर बसून मी वीस मिनिटांत नऊ ओळी लिहिल्या. ती दूध पिते, साडेआठला शाळेची गाडी येते, दुपारी झोपते, संध्याकाळी मी आमराईत फिरायला नेतो, रात्री मी गोष्ट सांगतो. तिची वेणी कोण घालत असे, डब्यात काय लागते, कोणती भाजी ती बाजूला काढते, थंडीत खोकला वाढला की डॉक्टरांनी दिलेला पंप किती वेळा ओढायचा, चपलेचा नंबर कोणता, बालवाडीच्या बाईंचे नाव काय, यांतले काहीही मला लिहिता आले नाही. मॅडमनी कागद वाचला, दोन ओळींखाली पेनने रेघ ओढली आणि म्हणाल्या, “आमराई आणि गोष्ट. एवढं खरं आहे आणि एवढं तुमचं आहे. अर्ज इथून सुरू करू. बाकीचं तुम्हाला शिकावं लागेल, आणि शिकलात ते कोर्टाला दिसावं लागेल.” तो कागद त्यांनी माझ्या फाइलीत सर्वांत वर लावला. अजून तो तिथेच आहे.

या कार्यालयाच्या सल्ल्याचा सारा भर यावर आहे. वडील येतात ते हक्काची भाषा घेऊन. येथे त्यांना मुलाच्या दिवसाची भाषा शिकवली जाते. कायदाही तसाच आहे, हे त्यांनी मला कलमे उघडून, सोप्या मराठीत समजावले. हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनता) व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या सहाव्या कलमात वडिलांना नैसर्गिक पालक म्हटले आहे आणि त्यांच्यानंतर आईला. परंतु त्याच कलमात, पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही लिहिले आहे. ‘त्यांच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतरच असा घ्यायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली स्पष्ट केले. वडील कोणत्याही कारणाने मुलाची जबाबदारी पाहत नसतील, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते. आणि याच कायद्याचे तेरावे कलम या सगळ्यावर मात करते : मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च निकष. ‘मी नैसर्गिक पालक आहे’ हे वाक्य मी आधीच्या अर्जात चार वेळा वापरले होते. मॅडमनी नव्या मसुद्यात ते एकदाच ठेवले.

आपल्याकडे एक समज खोलवर रुजलेला आहे की, मूल पाच वर्षांचे झाले की ते आपोआप वडिलांकडे येते. आमच्या गल्लीतल्या जाणत्या माणसांनी मला हेच सांगून धीर धरायला लावले होते. प्रत्यक्षात पाचव्या वाढदिवसाला आपोआप काहीही घडत नाही. आईच्या बाजूने असलेला कायद्याचा कल तेवढा सैल होतो आणि कल्याणाचा निकष पूर्ण ताकदीने लागू होतो. त्यात मूल त्या दिवशी कोठे रुळलेले आहे, कोणाच्या हातचे खाते, कोणत्या शाळेत जाते, हे सारे मोजले जाते. म्हणजे वाट पाहत बसणारा बाप प्रत्येक महिन्याला स्वतःच्याच विरुद्ध पुरावा तयार करत असतो. मुलगी असेल तर ती आईकडेच जाणार, हा दुसरा समज. कायद्याच्या कलमात मुलगा-मुलगी असा भेद नाही. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका लष्करी अधिकाऱ्याकडे त्याच्या मुलांचा ताबा कायम ठेवला, आणि त्या मुलांमध्ये मुलगीही होती. मात्र ती मुले आधीपासून वडिलांकडे राहत होती आणि त्यांनी तशी इच्छाही व्यक्त केली होती, हे मॅडमनी लगेच जोडून सांगितले, जेणेकरून मी त्या निकालावर खोटी आशा बांधू नये.

माझ्यासमोर मिरजेचे एक मुस्लिम गृहस्थ सल्ल्यासाठी आले होते. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहण्याचा संकेत आहे. तरी न्यायालय १८९० च्या कायद्याखाली मुलाचे हित पाहतेच, असे त्यांना सांगण्यात आले. नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांसाठी विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये आणि ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यात मुलांच्या ताब्याची वेगळी कलमे आहेत. लग्न कोणत्या कायद्याने झाले आहे, हा येथे विचारला जाणारा पहिला प्रश्न आहे, आणि तो योग्यच आहे.

अर्ज कोठे करायचा, यावरची चर्चा मला या सव्वा वर्षातील सर्वांत मोलाची वाटते. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. आमचे लग्न सांगलीत झाले होते आणि शेवटचे एकत्र वास्तव्यही सांगलीतच होते, त्यामुळे हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खाली घटस्फोटाचा अर्ज सांगलीत करून, त्याच प्रकरणात सव्विसाव्या कलमाखाली मुलीच्या ताब्याची आणि भेटीची मागणी करता आली असती. माझ्या दृष्टीने ते सोयीचे होते. पेढीपासून कोर्ट रिक्षाने जाण्याजोगे आहे. दुसरी वाट म्हणजे १८९० च्या कायद्याखाली कराडला अर्ज करणे. मॅडमनी मला दोन्ही वाटा कागदावर मांडून दाखवल्या आणि विचारले की, प्रत्येक तारखेला आणि प्रत्येक भेटीला एवढ्या लहान मुलीने इस्लामपूरमार्गे एसटीत बसून सांगलीला यायचे, की बापाने कराडला जायचे. मी कराड निवडले. समोरच्या वकिलांनी पुढे भेटीला फारसा विरोध केला नाही, आणि त्यामागे हे एक कारण होते, असे त्यांनी स्वतः मध्यस्थीच्या वेळी बोलून दाखवले.

जानेवारी २०२५ मध्ये अर्ज दाखल झाला आणि त्यासोबत भेटीसाठी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या व्यवस्थेचा, अर्ज दिला गेला. त्याच्या मसुद्यावर आम्ही तीन बैठका घालवल्या. मला मे महिन्याची संपूर्ण सुट्टी हवी होती. मॅडमनी विचारले, “मे महिन्यात यार्डात हळदीची आवक असते. सौदे चालू असताना तुम्ही घरी राहणार, की मुलगी दिवसभर आजीकडं राहणार? आजीचे गुडघे दुखतात, असं तुम्हीच लिहिलंय.” मला उत्तर देता आले नाही. शेवटी आठ-आठ दिवसांचे दोन भाग मागितले आणि पेढीच्या मालकांकडून त्या दिवसांच्या रजेचे पत्र घेऊन जोडले. मागणी लहान झाली, पण ती खरी झाली. मसुद्यात भेटीचा वार, वेळ, ठिकाण, मुलीला कोण आणून सोडेल, ती आजारी असेल तर बदली दिवस कोणता, व्हिडिओ कॉल आठवड्यातून कोणत्या तीन दिवशी आणि किती वाजता, हे सारे लिहिले होते. २०२० च्या यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, मुलाला आई-वडील दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही, त्याला प्रत्यक्ष भेटीबरोबरच फोन आणि व्हिडिओ कॉलवर बोलण्याचीही संधी मिळावी. त्या निकालाचा आधार अर्जात नेमकेपणाने घेतला होता.

एप्रिलमध्ये अंतरिम आदेश झाला. पहिल्या चार भेटी न्यायालयाच्या आवारात, नंतरच्या प्रत्येक दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा ते दुपारी चार. आवारातील पहिल्या भेटीला काय न्यायचे, हेही मी या कार्यालयात विचारले. मोठे खेळणे नेऊ नका, असे उत्तर मिळाले. ते घेऊन ती परत जाईल, तेव्हा आईच्या घरी ते कोठे ठेवायचे, हा प्रश्न तिच्यावर पडतो. मी तिचे जुने चित्रांचे पुस्तक नेले, जे आमच्या घरी राहिले होते. कोपऱ्यात तिने लहानपणी चावलेले एक पान होते. ते तिने उघडले, बोट ठेवले आणि म्हणाली, “हे मीच खाल्लंय ना, पप्पा?” त्यानंतरचा तासभर आम्ही ते पुस्तक वाचत बसलो.

पुढच्या भेटी बहुतेक प्रीतिसंगमावर झाल्या. कृष्णा-कोयनेच्या काठावर मुलांना धावायला जागा आहे आणि माणसांची वर्दळही आहे. अशा उघड्या, ओळखीच्या ठिकाणी भेटल्याने समोरच्या घरातील धास्ती कमी होते, हे मॅडमचे म्हणणे खरे ठरले. तिसऱ्या रविवारपासून सासऱ्यांनी दूर बाकावर बसून पहारा देणे सोडले. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी वहीत चार ओळी लिहायच्या, अशी कार्यालयाची शिस्त आहे : किती वाजता आली, काय खाल्ले, काय बोलली, किती वाजता गेली. आईविषयी एकही तक्रार त्या वहीत लिहायची नाही. एका महिन्यात दोन भेटी झाल्या नाहीत, तेव्हा मी पोलिसांत जायला निघालो होतो. कनिष्ठ वकिलांनी फोनवर थांबवले, दोन्ही दिवशीची नोंद आणि कराडच्या एसटीची तिकिटे मागवून घेतली, आणि पुढच्या तारखेला न्यायालयापुढे अर्ज दिला. न्यायालयाने भरपाई म्हणून दोन जादा रविवार दिले. आदेश पाळला जात नसेल, तर त्याच न्यायालयात जायचे आणि गरज पडल्यास दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावायची, मुलीच्या दारात खाकी वर्दी न्यायची नाही, हे तत्त्व येथे कटाक्षाने पाळले जाते.

पैशांच्या बाबतीत त्यांचा सल्ला तितकाच ठाम आहे. पोटगी आणि भेट यांची गाठ कधीही बांधू नये. भेट मिळाली नाही म्हणून पैसे थांबवले, तर न्यायालयाला ती सौदेबाजी दिसते, आणि मुलीच्या शाळेच्या फीची तारीख काही थांबत नसते. मी थकवलेले दोन महिन्यांचे पैसे त्यांनी पहिल्याच आठवड्यात भरायला लावले. रोख अजिबात नाही, बँकेतूनच आणि शाळेची फी थेट शाळेच्या खात्यावर. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे तपशीलवार प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. माझे प्रतिज्ञापत्र तयार करताना पेढीकडून दिवाळीला मिळणारा बोनसही त्यांनी लिहायला लावला. तो लपवण्याचा सल्ला मला बाहेर दोघा-तिघांनी दिला होता.

चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणांविषयी येथे मिळालेला सल्ला अनेकांच्या उपयोगी पडेल. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीमधील संभाषणाची अशी मुद्रणे वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतात, असा निकाल दिला. ते वाचून माझ्याकडच्या फोनमधील मुद्रणे मी उत्साहाने घेऊन गेलो. त्यांत एकदा मुलगी रडत होती आणि मी तिला ‘आई काय म्हणाली ते सांग’ असे पुन्हा पुन्हा विचारत होतो. मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि सांगितले की, पुरावा म्हणून हे चालू शकेल, पण न्यायाधीश त्यात प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज ऐकतील. मुलीला न्यायाधीशांनी दालनात बोलावले तरी तिला काहीही शिकवून न्यायचे नाही, हीदेखील त्यांची अट होती. १८९० च्या कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, समजत्या वयाच्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. पढवलेले उत्तर ओळखू येते आणि ते ज्याने पढवले, त्याच्यावर उलटते.

२०२५ च्या पावसाळ्यानंतर प्रकरण मध्यस्थीकडे गेले. मध्यस्थीच्या खोलीत आम्ही दोघे दोन वर्षांनी प्रथमच एका टेबलाशी बसलो. चार बैठकांत सहमती झाली : ताबा आईकडे, दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मुलगी मुक्कामाला सांगलीला, दिवाळीचे निम्मे दिवस, मे महिन्यातील आठवड्याचे दोन भाग, शाळेचे प्रगतिपुस्तक दोघांनाही, आणि दोघांपैकी कोणी गाव बदलणार असेल तर तीन महिने आधी लेखी कळवणे. विभक्त राहून दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता आणि मुलीचा व पोटगीचा प्रश्न मिटला होता, त्यामुळे परस्परसंमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांची प्रतीक्षा माफ करण्याची विनंती अमरदीप सिंग खटल्यातील २०१७ च्या निकालाच्या आधारे करता आली. ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. मुलीच्या वयानुसार आणि गरजेनुसार तो बदलून मागता येतो, हे मला तेथे दोनदा सांगण्यात आले. संपूर्ण ताबा मिळाला नाही, याची खंत मला होती आणि आहे. पण आता तिचा मंगळवार मला पाठ आहे.

आता उणिवा. कार्यालयात गुप्तता फार थोडी आहे. दोन खोल्यांमध्ये प्लायवूडचा पडदा आहे आणि बाहेर बसलेल्याला आतले बरेचसे ऐकू येते. एका गृहस्थाचे रडणे आम्ही चौघांनी ऐकले आणि तो बाहेर आला, तेव्हा कोणालाच त्याच्याकडे पाहता येईना. या कामाला बंद दार हवेच. अर्ज इंग्रजीत तयार होतात आणि मराठी प्रत मागितल्याशिवाय मिळत नाही. ज्याच्या मुलीविषयी ते लिहिलेले असते, त्याला ते वाचता आले पाहिजे. तारखेच्या आदल्या दिवशी फोन लागत नाही. प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (न्यायालयातील ओळख क्रमांक) घेऊन ई-कोर्टस्‌च्या अ‍ॅपवर पुढची तारीख स्वतः पाहण्याची सवय मी लावून घेतली, आणि ती प्रत्येकाने लावून घ्यावी. पहिल्या अंतरिम अर्जात गणेशोत्सवाचा उल्लेख राहून गेला. त्या वर्षी मुलगी गणपतीला सांगलीला येऊ शकली नाही, आणि चूक आमचीच असल्याचे मॅडमनी मान्य केले. तरी ती आरती परत मिळत नाही. बापाच्या आणि मुलीच्या मनाला आधार देणारा समुपदेशक सुचवण्याची व्यवस्था येथे नाही, ही मोठी उणीव मला वाटते. अनेक रात्री मला वकील नको होता, कोणी तरी ऐकणारे हवे होते.

फी टप्प्याटप्प्याने घेतात आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम आधी लेखी सांगतात. मध्यस्थीत प्रकरण मिटले, म्हणून पुढच्या सुनावणीच्या टप्प्याची फी त्यांनी घेतली नाही. तरीही ज्यांना ही फी झेपणार नाही, त्यांना मॅडम स्वतःच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पुरुषाला महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न असल्यास तो मिळू शकतो, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर त्याची प्राथमिक माहिती मिळते. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाच्या (सर्किट बेंच) कक्षेत सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे आहेत.

ज्यांना पत्नीला धडा शिकवायचा आहे, त्यांनी येथे जाऊ नये. त्यांना पहिल्याच भेटीत निराशा येईल आणि हजार रुपये वाया गेल्यासारखे वाटेल. पत्नीने गुन्हा दाखल केल्याची धास्ती असेल, तर अटक आपोआप होत नाही आणि आधी नोटीस काढण्याची पद्धत काय आहे, हे येथे शांतपणे समजावून सांगतात, पण उलट केसेस भरून देत नाहीत. ज्यांना मुलासाठी रविवारची एसटी पकडायची आहे, त्यांना मी हे कार्यालय निःशंकपणे सुचवेन. पहिल्या भेटीला जाताना विवाहाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेची फी भरल्याच्या पावत्या, गेल्या वर्षाचा बँकेचा उतारा, आणि आधी कोठे अर्ज केला असेल, तर त्याची नक्कल सोबत न्यावी. संध्याकाळी सहानंतर गर्दी कमी असते. कागद आणि पेन तेथे मिळते.